किल्ली मिळाल्यानंतरचा हिशेब

एकाच इमारतीतली दोन घरं घ्या. नकाशा तोच, क्षेत्रफळ तेच, भाडंही तेच. फरक एवढाच, की एक मधल्या मजल्यावर आहे आणि दुसरं थेट गच्चीखाली. उन्हाळ्यात गच्चीचा स्लॅब सकाळपासून ऊन पीत राहतो. जाड काँक्रीट आधी स्वतः तापतं आणि मगच उष्णता खाली सोडतं, त्यामुळे ती घरात पोचते संध्याकाळच्या सुमाराला, नेमकी माणसं दमून घरी येऊन टेकतात तेव्हा. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली लोटतो. मुलं अर्धी रात्र तळमळत काढतात. एसी असलाच तर त्याला उसंत नसते. महिन्याअखेरीस वरच्या घराचं विजेचं बिल खालच्यापेक्षा फुगलेलं येतं. भाडेकरारात यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

१९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं दगावली. कोण दगावलं आणि त्याच वस्तीतलं कोण वाचलं, याची अभ्यासकांनी नंतर तुलना केली. एकटं राहणं आणि अंथरुणाला खिळलेलं असणं यांच्या जोडीला आणखी एक धोका त्यात ठळकपणे दिसला: सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणं. गच्चीवर उष्णता अडवणारा एक थर आणि त्यावर पांढरा लेप, एवढ्या कामानं तो मजला कितीतरी सुसह्य होतो. बांधकामाच्या एकूण खर्चात हे काम किरकोळ असतं. तरीही ते राहून जातं, कारण ते न केल्याचं नुकसान बांधणाऱ्याच्या वहीत कुठेच चढत नाही.

शहरातल्या घरांबद्दल बोलताना तीन विशेषणं हमखास येतात: परवडणारं, आरोग्यदायी आणि ऊर्जा वाचवणारं. ऐकणाऱ्याला वाटतं, या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि गरिबाला त्यातली फार तर पहिली मिळेल. ‘आधी डोक्यावर छप्पर तरी येऊ दे, बाकीचं पुढे बघू,’ असं भल्या मनाची माणसंही म्हणतात. मला हा विचार मुळातच चुकीचा वाटतो. किल्ली हातात पडते त्या दिवशी हिशेब बंद केला तरच या तीन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पुढची पन्नास वर्षं हिशेबात धरली, तर त्या एकाच गोष्टीची तीन नावं ठरतात.

परवडणं म्हणजे नक्की काय

घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत राहिला तर घर परवडतं, हा ठोकताळा जगभर वापरला जातो. पण त्या खर्चात अनेकदा फक्त भाडं किंवा हप्ता धरला जातो. वीज, गरम पाणी, हिवाळ्यातली ऊब, उन्हाळ्यातला गारवा, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, ओलीमुळे लागलेल्या खोकल्याची औषधं, दर दोन वर्षांनी करावी लागणारी रंगरंगोटी, हे सगळं घरामुळेच येतं; फक्त ते दुसऱ्या खिशातून जातं.

मेक्सिकोनं याचा फार महाग धडा घेतला. २००० नंतरच्या दशकात तिथे सरकारी गृहकर्जाच्या जोरावर शहरांच्या पार कडेला, स्वस्त जमिनीवर लाखो छोटी घरं उभी राहिली. कागदावर ती परवडणारीच होती. पण तिथून कामावर जायला रोजचे कित्येक तास लागत. शाळा लांब, बस अपुऱ्या. लोक घरं सोडून शहरात परतले. २०१० च्या जनगणनेत देशभरात जवळपास ५० लाख घरं रिकामी आढळली. ती सगळी याच कारणानं रिकामी नव्हती, पण ओसाड पडलेल्या त्या नव्या वसाहती सगळ्यांना दिसत होत्या. जमिनीवर वाचवलेला पैसा रहिवाशांच्या बसभाड्यातून आणि झोपेतून वसूल झाला होता.

म्हणून घर स्वस्त आहे का, हे विचारताना ते कुठे आहे आणि आत राहायला दरमहा किती लागतं, हे त्याच वाक्यात विचारायला हवं.

भिंत, छत आणि खिडकी

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरण्यासारखं काही नाही. थर्मास कळतो त्याला हे सगळं कळतं. थर्मास काही तापवत नाही आणि गारही करत नाही. तो फक्त उष्णतेचा प्रवास अडवतो, म्हणून त्यात चहा गरम राहतो आणि बर्फही टिकतो. चांगली भिंत आणि चांगलं छत तेच करतात. थंड देशात आतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, उष्ण देशात बाहेरची धग आत येऊ देत नाहीत.

काँक्रीट आणि भरीव वीट यांतून उष्णता सहज वाहते. ज्या वस्तूत हवा बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते, तिच्यातून ती अवघड जाते: खनिज लोकर, फोम, लाकडाचा भुसा, सच्छिद्र ठोकळे. स्लॅबला असा थर द्यायचा तर तो वरून द्यावा. खालून दिला तरी थोडा उपयोग होतो, पण मग स्लॅब रोज तापून निवत राहतो, त्याला तडे जातात आणि तड्यांतून पाणी झिरपतं.

खिडकीचं गणित दिशेवर चालतं. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक शहरांत उन्हाळ्यातल्या दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे खाली झुकलेला. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर नेमक्या मापाचा छज्जा असेल तर तो उन्हाळ्याचं ऊन अडवतो आणि हिवाळ्याचं आत सोडतो. ना वीज लागते ना देखभाल. पूर्व आणि पश्चिमेला मात्र हा छज्जा कुचकामी, कारण तिथे ऊन आडवं येतं. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून बंद होणाऱ्या झडपा किंवा झाड हवं. सावली काचेच्या बाहेर हवी, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऊन काच ओलांडून पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. आतला पडदा डोळ्यांना आराम देतो, खोलीला फारसा नाही.

आकाराचाही वाटा मोठा आहे. सुट्या घराला चार बाहेरच्या भिंती आणि वर छत. ओळीतल्या मधल्या घराला दोनच भिंती आणि छत. इमारतीतल्या मधल्या फ्लॅटला कधी कधी एक किंवा दोन भिंती, बस्स. जितका पृष्ठभाग उघडा, तितकी देवाणघेवाण जास्त. म्हणून शहरातलं दाटीनं बांधलेलं, मध्यम उंचीचं घर ऊर्जेच्या हिशेबात जन्मतःच पुढे असतं. दिशा, आकार, छज्जे, खिडक्यांची जागा या गोष्टींना नकाशाच्या टप्प्यावर जवळजवळ काहीच खर्च येत नाही. इमारत उभी राहिल्यावर मात्र त्या बदलायला खूप पैसे ओतावे लागतात, आणि दिशा तर बदलताच येत नाही.

हे टोकाला नेलं तर काय होतं, ते जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात १९९१ मध्ये दिसलं. स्वीडनचे बो अ‍ॅडमसन आणि जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट यांच्या चर्चांतून ‘पॅसिव्ह हाउस’ची, म्हणजे फारसं न तापवताही उबदार राहणाऱ्या घराची, कल्पना पुढे आली होती, त्या धर्तीवरची चार घरांची पहिली ओळ तिथे उभी राहिली. त्यातून पुढे जे मानक बनलं, त्यातले दोन आकडे समजून घेण्यासारखे आहेत. पहिला: घर उबदार ठेवायला वर्षाला प्रत्येक चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ किलोवॅट-तास उष्णता लागावी. किलोवॅट-तास म्हणजे वीजमीटरवरचं एक युनिट. ६० चौरस मीटरच्या घराला अख्ख्या बर्फाळ हिवाळ्यासाठी ही गरज फार तर ९०० युनिटांची. त्याच हवामानातल्या जुन्या, साध्या भिंतींच्या घराला याच्या दहापट लागू शकते. दुसरा आकडा फटींचा. दारात मोठा पंखा बसवून घरातल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक करायचा आणि फटींतून किती हवा जाते ते मोजायचं. तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त जाता कामा नये.

इथे एक इशारा द्यायला हवा. हे आकडे थंड प्रदेशात जन्मले. दमट, उष्ण हवामानात, जिथे वीज कधीही जाते आणि एसी सगळ्यांकडे नसतो, तिथे घर डबाबंद करणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी सावली, मग छताचा थर, मग आरपार वारा असा क्रम लागतो. तत्त्व तेच, उत्तर वेगळं. दुसऱ्या हवामानातली इमारत काचेसकट उचलून आपल्याकडे आणून ठेवणं, ही शहरांनी वारंवार केलेली आणि रहिवाशांनी वर्षानुवर्षं बिलातून फेडलेली चूक आहे.

ओल कुठून येते

घर आणि आरोग्य यांचं नातं समजून घ्यायचं तर भिंतीच्या एका काळपट कोपऱ्यापासून सुरुवात करावी. बहुतेक घरांत असा कोपरा असतो: बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे, किंवा बाल्कनीचा स्लॅब जिथे भिंतीतून आत येतो तिथे.

हवा पाणी धरून ठेवते. हवा जितकी उबदार तितकं जास्त. चार माणसांच्या घरात श्वास, घाम, स्वयंपाक, आंघोळ आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत मिसळतं. ही ओली, उबदार हवा घरभर फिरते आणि सगळ्यात थंड पृष्ठभागाला भिडली की तिथे तिची पाणी धरायची ताकद कमी पडते. काचेवर आपल्याला थेंब दिसतात. भिंतीवर ते दिसतही नाहीत, पण बुरशीला थेंबांची गरज नसते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरतं.

म्हणजे अशी बुरशी ही दोन गोष्टींची बेरीज आहे: कुठेतरी थंड पडलेली भिंत आणि बाहेर जायला वाट नसलेली ओल. वरून रंग दिला तर दोन्ही कारणं जागच्या जागी राहतात आणि डाग पुन्हा उमटतो. भिंतीला उष्णतारोधक थर दिला, की भिंत आतून उबदार राहते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला, की ओल निघून जाते. ऊर्जा वाचवणारी दुरुस्ती आणि फुप्फुसं वाचवणारी दुरुस्ती ही एकच असते, ती अशी. छत किंवा नळ गळत असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे आधी गळती थांबवायला हवी.

‘तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळवता, म्हणून बुरशी येते,’ असं भाडेकरूला सांगितलं जातं, तेव्हा मला राग येतो. ज्याचं घर तापवायला पैसे पुरत नाहीत, तो हिवाळ्यात खिडकी कशी उघडेल? कपडे वाळवायला दुसरी जागा नकाशात दिली होती का? २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये दोन वर्षांचं एक मूल श्वसनाच्या विकारानं गेलं. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला. त्या कुटुंबानं तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर २०२३ च्या कायद्यानं तिथल्या सामाजिक गृहसंस्थांवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना स्वस्त भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थांवर, ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करण्याची सक्ती आली.

दुरुस्तीचा फायदा मोजता येतो का? न्यूझीलंडनं तो मोजला. ओटागो विद्यापीठाच्या फिलिपा हाउडेन-चॅपमन आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतली १,३५० घरं निवडली. प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला श्वसनाचा त्रास होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी घरं निवडून त्यांना उष्णतारोधक थर लगेच दिला, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. झोपायच्या खोलीचं तापमान सरासरी जेमतेम अर्धा अंश वाढलं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ओल कमी झाली होती, ऊर्जेचा वापर सुमारे एकपंचमांशानं घटला होता, छातीत घरघर होण्याच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि मुलांचे शाळेचे खाडे, मोठ्यांच्या कामावरच्या सुट्ट्या दोन्ही घटले होते. २००९ मध्ये सरकारनं देशभर अशा कामासाठी अनुदान सुरू केलं. त्याचं मूल्यमापन झालं तेव्हा खर्चाच्या साधारण चौपट फायदा निघाला आणि त्यातला मोठा वाटा विजेच्या बचतीचा नव्हे, आरोग्याचा होता. या विषयावर कुणाला एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शक तत्त्वं दिली. थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस असावं, ही त्यातली एक शिफारस. दाटी, अती उष्णता, पडझडीचे धोके आणि अपंगांना वावरता येण्याची सोय यांचाही त्यात विचार आहे.

आरपार वारा आणि जिना

घर जितकं घट्ट बंद, तितकी ताज्या हवेची वाट विचारपूर्वक ठेवावी लागते. गॅसच्या शेगडीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फोडणीतून सूक्ष्म कण, नव्या दाबीव फळ्यांच्या फर्निचरमधून फॉर्मल्डिहाइड. थंड प्रदेशात यासाठी असं यंत्र बसवतात, जे बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देतं. उष्ण प्रदेशात सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच: घराला दोन बाजूंनी खिडक्या, म्हणजे वारा एकीकडून शिरतो आणि दुसरीकडून निघतो.

पण मोठ्या इमारतींत मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना घरं, अशी रचना सर्रास दिसते. अशा घराला, ते कोपऱ्यावरचं नसेल तर, खिडक्या एकाच बाजूला मिळतात. आरपार वारा नाही, आतल्या खोल्या अंधाऱ्या. ही रचना बिल्डरच्या हट्टामुळेच येते असं नाही. अमेरिका आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी आगीच्या नियमांमुळे थोड्या उंचीच्या इमारतीलाही दोन जिने लागतात, आणि दोन जिने जोडायचे म्हणजे बोळ आलाच. सिअ‍ॅटलनं काही अटींवर एका जिन्याच्या सहा मजली इमारतींना परवानगी दिली. जिन्याभोवती मजल्यावर मोजकीच घरं ठेवली, की बहुतेकांना दोन बाजू मिळतात. झोपायच्या खोलीतली हवा आणि जिन्याचा नियम यांचा एवढा घट्ट संबंध असेल, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मग अशी घरं का बांधली जात नाहीत

ज्ञान आहे, साहित्य आहे, हिशेबही जुळतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा. जाड थराचा खर्च बिल्डर करतो, बिल रहिवाशाचं वाचतं. दुहेरी काचेचा खर्च घरमालक करतो, ऊब भाडेकरूला मिळते. बुरशी हटवायचा खर्च गृहसंस्थेचा, रुग्णालयाचा खर्च आरोग्य खात्याचा वाचतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानंच वागत असतो आणि सगळ्यांच्या शहाणपणातून वाईट घर उभं राहतं.

ही गाठ बाजारात आपोआप सुटत नाही. एक उपाय किमान मानकाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर ऊर्जा किती वाचवतं यावरून त्याला श्रेणी देतात; २०१८ पासून त्यातल्या सगळ्यात वाईट दोन श्रेणींतली घरं, काही अपवाद सोडले तर, नव्यानं भाड्यानं देता येत नाहीत. फ्रान्सनं २०२५ पासून सगळ्यात खालच्या श्रेणीच्या घरांवर तशीच बंदी आणली. पण नुसती सक्ती केली आणि भाड्यावर लगाम ठेवला नाही, तर दुरुस्तीच्या नावाखाली भाडं वाढतं आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तोच भाडेकरू बाहेर फेकला जातो. सक्तीसोबत अनुदान आणि भाडेकरूला संरक्षण, हे तिन्ही एकत्रच लागतं.

दुसरी गाठ जमिनीची, आणि ती जास्त अवघड. शहरात घराच्या किमतीचा फार मोठा भाग वीट-सिमेंटचा नसतो, जमिनीचा असतो. बांधकामाची नवी पद्धत शोधून दहा टक्के वाचवले तरी घर तितकं स्वस्त होईलच असं नाही. पुढचा बिल्डर त्याच जमिनीसाठी तितके जास्त मोजायला तयार होतो आणि बचत जमीनमालकाच्या खिशात जाते. जमीन थोडी आणि तीवर बांधायची परवानगी त्याहून थोडी, तिथे हे घडणारच. म्हणून काही शहरांनी परवानगीच सैल केली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर आधीपेक्षा दाट बांधकामाला मुभा दिली आणि पुढच्या काही वर्षांत तिथे नव्या घरांच्या परवान्यांत मोठी वाढ झाली.

गाड्यांचाही यात हात आहे. एक गाडी उभी करायला, वळणाची आणि उताराची जागा धरून, साधारण २५ ते ३० चौरस मीटर लागतात. एवढ्यात एका माणसाचं छोटं घर बसतं. जिथे प्रत्येक घरामागे पार्किंगची सक्ती आहे, तिथे गाडी नसलेलं कुटुंबही गाडीच्या खोलीचे पैसे भरत असतं. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं २०१७ मध्ये ही सक्ती जवळपास पूर्ण उठवली.

पण केवळ नियम सैल करून सगळ्यात खालच्या उत्पन्नगटापर्यंत घर पोचतं, यावर माझा विश्वास नाही. त्यासाठी कुणीतरी जमीन बाजारातून बाहेर काढून ठेवावी लागते.

ज्यांनी करून दाखवलं

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात क्षयरोग इतका माजला होता की युरोपात त्याला ‘व्हिएन्नाचा आजार’ म्हणत. १९२३ मध्ये नगरपालिकेनं घरांवर कर बसवला. छोट्या घरांवर नाममात्र, ऐषारामी घरांवर भरभक्कम. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली. त्यातलं कार्ल-मार्क्स-होफ हे एक किलोमीटरहून लांब संकुल १९३० मध्ये पुरं झालं. त्यात १,३८२ घरं होती, पण जमिनीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेवर बांधकाम होतं. बाकी सगळी अंगणं. धुलाईघर, स्नानगृहं, बालवाडी, दवाखाना आवारातच. उजेड आणि वारा हे तिथे औषध म्हणून नकाशात आले होते.

आज व्हिएन्नाचे अर्ध्याहून अधिक रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. शहराचा जमीन-निधी १९८४ पासून जागा आधीच घेऊन ठेवतो. १९९५ पासून मोठ्या जागांसाठी स्पर्धा होते, आणि ती सगळ्यात मोठ्या बोलीची नसते. अर्थकारण, वास्तुरचना आणि पर्यावरण या निकषांवर प्रस्ताव जोखले जातात. पुढे त्यांत सामाजिक टिकाऊपणाची भर पडली. स्पर्धा तीच, पण कशावरून जिंकायचं हे बदललं की घर बदलतं.

इंग्लंडमधल्या नॉरिच शहराच्या नगरपरिषदेनं गोल्डस्मिथ स्ट्रीटवर सुमारे शंभर भाड्याची घरं पॅसिव्ह हाउस मानकानुसार बांधली. २०१९ मध्ये त्यांना ब्रिटनमधलं वास्तुरचनेचं मानाचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. सामाजिक घरांना हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मला त्या प्रकल्पातले तपशील फार आवडतात. मागच्या ओळीला ऊन मिळावं म्हणून छपरांचा उतार बेतलेला आहे. पत्रपेटी मुख्य दारात न कापता बाहेरच्या ओट्यापाशी ठेवली आहे, कारण दारातल्या फटीतून ऊब निसटते. काळजी घेऊन बांधणं म्हणजे काय, ते त्या पत्रपेटीत दिसतं.

चिलीतल्या इकिके शहरात पैसे याहून कितीतरी कमी होते. शंभराच्या आसपास कुटुंबं शहराच्या मध्यावर अनेक वर्षं वस्ती करून होती आणि सरकारी अनुदानात तिथली जमीन घेऊन पूर्ण घर बांधणं शक्य नव्हतं. वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना यांच्या ‘एलेमेंताल’ या गटानं लोकांना शहराबाहेर हलवलं नाही. त्यांनी प्रत्येकाला अर्धंच घर दिलं, २००४ च्या सुमाराला: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. उरलेली अर्धी पोकळी कुटुंबांनी जमेल तशी भरली. जे स्वतःला बांधणं अवघड ते सरकारनं द्यावं, हा विचार पटतो. मात्र भरलेल्या अर्ध्या भागाला उजेड, वारा आणि छताचा थर मिळेल याची तजवीज पहिल्या अर्ध्यातच असायला हवी, एवढं मी त्यात जोडेन.

उरुग्वेत १९६८ च्या कायद्यानं सहकारी गृहनिर्माणाला बळ दिलं. परस्पर मदतीच्या संस्थांत प्रत्येक कुटुंब आठवड्याला २१ तास बांधकामावर श्रमदान करतं आणि घरं संस्थेच्या सामाईक मालकीची राहतात. कुणी विकून नफा काढू शकत नाही, त्यामुळे पुढच्या पिढीलाही ती परवडतात.

उभ्या असलेल्या इमारती

नवी घरं बांधताना एक खर्च दिसत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. धडधाकट इमारत पाडून तिच्या जागी ‘हिरवी’ इमारत उभारली, तर तिच्या वीजबचतीला आधी नव्या सिमेंटच्या उत्सर्जनाचं कर्ज फेडावं लागतं. शिवाय पाडलं की माणसं हलतात, आणि हललेली सगळीच परत येत नाहीत.

जुन्या इमारतीला नवं कवच चढवताना कसूर चालत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण गेले. आधीच्या वर्षी पूर्ण झालेल्या नूतनीकरणात इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर आणि अ‍ॅल्युमिनियमचं आवरण लावलं होतं. त्या आवरणाच्या पोटात पॉलिथिलीन होतं, जे भडाभडा पेटतं. ऊर्जा वाचवताना आग, ओल आणि हवा यांचा विचार त्याच टेबलावर व्हायला हवा, आणि त्याच माणसांकडून. रहिवाशांनी तिथे सुरक्षेबद्दल आधीच आवाज उठवला होता.

तळमजल्यापासून छतापर्यंत देखभाल हा सुद्धा बांधकामाचाच भाग आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराचं प्रुइट-आयगो हे ३३ इमारतींचं सरकारी संकुल पन्नासच्या दशकात उभं राहिलं आणि १९७२ पासून पाडायला घेतलं गेलं. डागडुजीचा खर्च भाड्यातून निघावा अशी व्यवस्था होती. रहिवासी घटले, भाडं घटलं, दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी रहिवासी गेले.

याच्या उलट उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचं आहे. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीत साठच्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती होत्या, ५३० घरांच्या. छोट्या खिडक्या, अंधाऱ्या खोल्या. वास्तुरचनाकार आन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत. त्यांनी दर्शनी भिंतीला बाहेरून आधीच तयार केलेले सांगाडे लावले आणि प्रत्येक घराला जवळपास चार मीटर खोल, काचेनं बंद करता येणारी गॅलरी जोडली. जिथे छोटी खिडकी होती तिथे सरकतं मोठं दार आलं. हिवाळ्यात ती गॅलरी ऊन साठवते आणि घराला बाहेरच्या गारठ्यापासून दूर ठेवते. उन्हाळ्यात तिची काच सरकवली की सावलीची बाल्कनी होते. काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. २०१७ मध्ये काम पुरं झालं, भाडं हाताबाहेर गेलं नाही, आणि पूर्वी जिथे भिंत होती तिथे लोकांनी खुर्च्या मांडल्या, कुंड्या ठेवल्या, कपडे वाळत घातले.